फराळाची कढई आणि बोर्निओचे अरण्य

दिवाळी जवळ आली की संस्कृतिरक्षणावरील व्याख्यानांना बहर येतो. परंतु आपली चकली ज्या तेलात तळली गेली ते तेल कोठून आले, हा प्रश्न त्या व्याख्यानांत क्वचितच विचारला जातो. तयार फराळाचे पाकीट उलटून पाहावे. मागील बाजूस बारीक अक्षरांत बहुधा ‘पामोलिन’ हा शब्द आढळेल. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आपण आयात करतो आणि त्यात सर्वाधिक वाटा पामतेलाचा आहे.

या तेलाची खरी किंमत वाण्याच्या पावतीवर उमटत नाही. सुमात्रा आणि बोर्निओ येथील वर्षावनांचा फार मोठा भाग तेलमाडाच्या मळ्यांनी गिळला. ओरांगउटान निराश्रित झाले. चर खणून कोरड्या केलेल्या दलदली २०१५ साली पेटल्या, तेव्हा त्यांच्या धुराने सिंगापूरचे आकाशही काळवंडले. वृक्षात देवत्व पाहणाऱ्या समाजाच्या सणासाठी परदेशातील अरण्ये जळावीत, यासारखी विसंगती कोणती?

हे परावलंबन अटळ होते काय? मुळीच नाही. १९८६ मध्ये सुरू झालेल्या तेलबिया तंत्रज्ञान मोहिमेमुळे नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी देश स्वयंपूर्णतेच्या उंबरठ्यावर पोहोचला होता. १९९४ मध्ये पामोलिनच्या आयातीचे दार उघडले आणि पुढे स्वस्त तेलाचा लोंढा आला. मराठवाडा-सोलापूरच्या काळ्या जमिनीत, केवळ मुरलेल्या ओलीवर रब्बीत उभी राहणारी करडई मागे हटली. गावोगावचे घाणे थंडावले.

पामतेलाचे समर्थक सांगतात, की एका हेक्टरमागे तेलमाडाइतके तेल दुसरे कोणतेच पीक देत नाही. हे गणित खरे आहे. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांना सोयीचा नाही. नुसते तेल बदलून भागणार नाही, तेलाचा वापरच घटवला पाहिजे, हा तो निष्कर्ष! पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’मधून दरमहा १० टक्के तेल कमी खरेदी करण्याचे आवाहन केले, ते आरोग्यासाठी. पर्यावरणाचे हितही त्याच मार्गात आहे.

मग करायचे काय? तळलेल्या पोह्यांऐवजी भाजक्या पोह्यांचा चिवडा करावा. कढईत मोजकेच तेल ओतावे. उकडीच्या आणि वाफवलेल्या पदार्थांना ताटात पुन्हा मानाचे स्थान द्यावे. उरलेल्या गरजेसाठी करडई, शेंगदाणा वा तिळाचे तेल जवळच्या घाण्यावरून आणावे. ते महाग पडते, हा आक्षेप रास्त आहे. पण निम्मे वापरले तर खर्चाचा मेळ बसतो.

स्वदेशीचा उच्चार व्यासपीठावर होतो, परीक्षा मात्र स्वयंपाकघरात होते. या दिवाळीत त्या परीक्षेस आपण बसणार आहोत काय?