‘डोके दुखते’ हे निदान नव्हे

डोकेदुखीला आपल्याकडे आजाराचा मान नाही. ताप आला तर घरचे कपाळाला हात लावून पाहतात. हात मोडला तर अख्खी गल्ली विचारपूस करते. डोके दुखते म्हटले की मात्र उत्तर ठरलेले असते. बाम चोळ, चहा घे, मेडिकलमधून एक गोळी आण आणि कामाला लाग. एखाद्या दिवसाच्या दुखण्याला एवढे पुरते. पण जे दुखणे महिनोन्महिने रोज दुपारनंतर येऊन बसते, पुस्तक उघडले की डोळे जड करते, सुईत दोरा ओवताना कपाळ ठणकवते, ते गोळीवर भागवणे म्हणजे गळक्या छताखाली रोज बादली ठेवणे. छत कुठे गळते, हे कोणीतरी वर चढून पाहिले पाहिजे.

माझे म्हणणे साधे आहे. डोळ्यांचा सततचा ताण आणि त्यासोबतची डोकेदुखी हे लक्षण आहे, आजाराचे नाव नव्हे. ते नाव कळेपर्यंत रुग्णाने विचारत राहावे आणि डॉक्टरांनी शोधत राहावे. गोळी देऊन बोळवण करणे म्हणजे उपचार नव्हे.

हा त्रास कोणाला होतो, ते आपल्या आजूबाजूलाच पाहा. अभ्यासिकेत दिवसाचे दहा-बारा तास बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली, मंद दिव्याखाली शिवणयंत्र चालवणाऱ्या आणि पिको-फॉलची कामे घेणाऱ्या भगिनी, संगणकावर दिवसभर नोंदी करणारे कंत्राटी कर्मचारी. आणि शाळकरी लेकरे. चौथी-पाचवीतले मूल वाचताना ओळ सोडते, पुस्तक तोंडाशी धरते, अर्ध्या तासात डोके दुखते म्हणून वही मिटते. शिक्षक म्हणतात लक्ष नाही, घरचे म्हणतात कंटाळा करतो. ज्या घरात शिकणारी ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे, तिथे एका मुलावर ‘ढ’ असा शिक्का बसणे फार महागात पडते. शिक्का मारण्यापूर्वी त्याचे डोळे नीट तपासले का, हे आईवडिलांनी विचारलेच पाहिजे.

‘तपासले तर! नंबर नाही म्हणाले,’ असे उत्तर अनेकदा मिळते. इथेच गफलत होते. भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता आला, म्हणजे दूरची नजर चांगली आहे, एवढेच सिद्ध होते. तरुण वयात प्लसचा नंबर लपून राहू शकतो. डोळ्याच्या आतले स्नायू भिंगाचा आकार बदलून उणीव भरून काढतात आणि दिवसभर तेच करत राहतात. नजर स्वच्छ राहते, पण स्नायू थकतात, आणि संध्याकाळी कपाळ भरून येते. असा लपलेला नंबर शोधायचा तर डोळ्यांत औषधाचे थेंब टाकून ते स्नायू सैल करावे लागतात आणि मग तपासणी करावी लागते. लहान मुलांच्या बाबतीत तर ही तपासणी फार महत्त्वाची. सिलिंडरचा थोडासा नंबरसुद्धा बारीक अक्षरे वाचताना असाच छळतो.

दुसरे कारण दोन डोळ्यांच्या जोडीचे. जवळचे वाचताना दोन्ही डोळ्यांना नाकाकडे वळून एकाच अक्षरावर स्थिरावावे लागते. काहींना हे वळणे जड जाते. मग अक्षरे हलतात, कधी दोन दिसतात, ओळ निसटते, डोके दुखते. प्रत्येक डोळा वेगळा तपासला तर दोन्ही उत्तम निघतात, कारण दोष जोडीत असतो. बोट किंवा पेन हळूहळू नाकाजवळ आणून डोळे कुठवर एकत्र राहतात, ते पाहण्याची सोपी तपासणी आहे. तिला पैसे लागत नाहीत, वेळ द्यावा लागतो. या दोषावर डोळ्यांचे व्यायाम हा उपचार आहे. ९ ते १७ वर्षांच्या मुलांवरील एक मोठी अमेरिकी चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. घरी नुसती पेन्सिल पुढे-मागे करण्यापेक्षा तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करून घेतलेले व्यायाम अधिक उपयोगी पडतात, असे त्यात दिसून आले.

तिसरे कारण कोरडे डोळे. माणूस एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो, पण मोबाइल किंवा संगणक पाहताना हे प्रमाण बरेच घटते. डोळ्यावरचा अश्रूंचा थर सुकतो, डोळे चुरचुरतात. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट तोंडावर असेल तर जास्तच. चौथे कारण चाळिशी. चाळिशीच्या आसपास जवळचे अंधुक होणे हा वयाचा धर्म आहे, पण चष्मा लागला म्हणजे म्हातारपण आले, या लाजेपोटी कितीतरी जण हात लांब करून पेपर वाचतात आणि डोकेदुखी सोसतात.

आता चष्म्याच्या दुकानाबद्दल. दुकानात यंत्रात डोकावले की कागदाच्या पट्टीवर नंबर छापून येतो, आणि ‘कॉम्प्युटरने काढलेला नंबर’ म्हणून आपण तो डोळे झाकून मान्य करतो. तो आकडा म्हणजे केवळ सुरुवात. तरुणांमध्ये हे यंत्र मायनसचा नंबर जास्त दाखवू शकते. त्यानंतर एकेक काच लावून ‘हे स्पष्ट की ते’ असे विचारत नंबर पक्का करावा लागतो. शिवाय दोन बाहुल्यांमधले अंतर मोजून काच बसवली नाही, तर नंबर बरोबर असूनही डोके दुखते. नव्या चष्म्याने दोन-तीन आठवड्यांतही बरे वाटले नाही, तर चष्मा घेऊन परत जावे. संकोच कसला? आणि ‘निळा प्रकाश अडवणारी काच’ म्हणून जे जास्तीचे पैसे मागितले जातात, त्याबद्दलही सावध असावे. जगभरातील चाचण्या तपासणारा कॉक्रेनचा आढावा २०२३ मध्ये आला. अशा काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो, असे त्यात आढळले नाही. त्यापेक्षा दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहणे फुकट आहे.

डोळे पूर्ण तपासले आणि त्यात काही सापडले नाही, तर? अशा वेळी ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य ऐकू येते, आणि बायकांना तर ते पहिल्याच भेटीत ऐकवले जाते. नॉर्मल याचा अर्थ, त्या एका तपासणीत दोष निघाला नाही. दुखणे खोटे ठरत नाही. शोध पुढच्या दारी न्यायचा असतो.

पुढचे सर्वांत मोठे दार अर्धशिशीचे, म्हणजे मायग्रेनचे. आपल्याकडे तिला हमखास ‘पित्त’ म्हणतात. डोके ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, उलटी झाली की जरा हलके वाटते. मग पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालतात. हा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी जास्त आहे, पाळीच्या आगेमागे तो वाढतो, उपाशी राहिल्याने आणि झोप मोडल्याने उसळतो. यावर नेमकी औषधे आहेत. वारंवार येणारे झटके कमी करणारीही आहेत. पण ती मिळण्यासाठी आधी कोणीतरी ‘हे पित्त नव्हे’ असे म्हणावे लागते.

पुढे अंगातले रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. थकवा, चक्कर आणि डोकेदुखी ही त्याचीही लक्षणे असतात. मधुमेहाचेही तसेच लक्षात ठेवावे. साखर वर-खाली झाली की चष्म्याचा नंबरही बदलतो. म्हणून साखर ताब्यात नसताना काढलेला नंबर महिन्याभरात चुकतो आणि दोष चष्म्यावर जातो. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी मंदावली होती, हे आपण सर्वजण जाणतो. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.

आणि एक कारण आपल्याच पिशवीत असते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, सलग तीन महिन्यांहून जास्त घेतली, तर ती गोळीच डोकेदुखीचे कारण बनू शकते. दोन-तीन औषधे मिसळलेल्या गोळ्यांच्या बाबतीत ही मर्यादा महिन्याला १० दिवसांचीच आहे. गोळीचा अंमल उतरला की डोके दुखते, म्हणून पुन्हा गोळी. शिवाय पोट आणि मूत्रपिंड यांची हानी वेगळीच. पाच-दहा रुपयांत मिळते म्हणून ही गोळी स्वस्त समजू नये.

काही लक्षणे अशी आहेत की तिथे वाट पाहायचीच नसते. अचानक, आयुष्यात कधी झाली नव्हती एवढी तीव्र डोकेदुखी. डोळा लाल होऊन भयंकर दुखणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे आणि उलट्या. हातपाय किंवा चेहरा लुळा पडणे, बोलताना जीभ अडखळणे. एकाएकी दोन-दोन दिसू लागणे किंवा नजर जाणे. तापासोबत मान ताठरणे. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे. वाकल्यावर काही क्षण डोळ्यांपुढे अंधार आणि पहाटे दुखण्याने जाग. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी. गरोदरपणात डोकेदुखीसोबत डोळ्यांपुढे काजवे किंवा चेहऱ्यावर सूज. यातले काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लाल डोळा, वलये आणि उलट्या ही काचबिंदूच्या एका प्रकाराची लक्षणे आहेत. त्याला पित्त समजून रात्र काढली, तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

बाकीच्यांनी काय करावे? आधी एक वही घ्या. महिनाभर लिहा: डोके कधी दुखले, किती तास, कोणत्या बाजूला, त्याआधी काय काम चालू होते, जेवण आणि झोप झाली होती का, पाळी कधी होती, कोणती गोळी किती घेतली. डॉक्टरांकडे पाच मिनिटे असतात. त्या पाच मिनिटांत ही वही तुमच्यापेक्षा नेमके बोलते. डोळ्यांच्या तपासणीत चार गोष्टी मागून घ्या: दूरचा आणि जवळचा नंबर, दोन्ही डोळ्यांच्या जोडीची तपासणी, डोळ्याचा दाब आणि बाहुली मोठी करून पडदा. थेंब टाकल्यावर काही तास अंधुक दिसते, म्हणून सोबत कोणीतरी न्या. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. उठल्यासुटल्या मेंदूचे स्कॅन करायची गरज नसते. ते कधी लागेल, हे डॉक्टर पडदा आणि लक्षणे पाहून ठरवतात. आणि निघताना नम्रपणे, पण ठामपणे विचारा: ‘मला नेमके काय झाले आहे? ते कशावरून ठरवले? या उपायाने बरे वाटले नाही तर पुढे काय?’

खर्चाची धास्ती खरी आहे. पण राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्र तपासणीचा दिवस कोणता, हे आधी विचारून जावे. तिथे न उलगडलेले दुखणे जिल्हा रुग्णालयात किंवा मुंबईचे जे.जे., पुण्याचे ससून, नागपूरचे मेडिकल अशा ठिकाणी न्यावे. रांग असते, एक रोज बुडतो, हेही खरे. वर्षभराचा बाम, गोळ्या आणि बुडालेले दिवस यांची बेरीज करून पाहिली, तर तो एक रोज जड वाटणार नाही.

शेवटी आपल्या कार्यकर्त्यांशी थोडे बोलतो. जयंतीच्या निमित्ताने विहारात आणि समाजमंदिरात नेत्रशिबिरे भरतात, शेकडो चष्मे वाटले जातात, फोटो निघतात. चाळिशीच्या चष्म्याने अनेकांची सोय होते, त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण ‘माझे डोके रोज दुखते’ म्हणणाऱ्या मुलीलाही तोच तयार चष्मा देऊन रांग पुढे सरकवू नये. चष्म्यांची संख्या निम्मी झाली तरी चालेल. एका टेबलावर रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासा, एका टेबलावर डोळ्याचा दाब. ज्यांचे दुखणे तिथे उलगडत नाही, त्यांची नावे वेगळ्या वहीत लिहा, रुग्णालयाची चिठ्ठी द्या आणि पंधरा दिवसांनी एकेकाच्या घरी जाऊन विचारा की गेलात का, काय सांगितले. त्या वहीतल्या प्रत्येक नावापुढे आजाराचे नाव लिहिले गेले, की मगच शिबिर पूर्ण झाले असे समजा.