घोंगडी पांघरलेली अळी

पावसाळा लागला की बांधावर मुलांची ओरड ऐकू येते, ‘‘अज्जी, कंबळी हुळ!’’ आणि घरातून मराठीत उत्तर येतं, ‘‘हात लावू नको रे, खाज सुटेल!’’ केसाळ अळीला हैदराबादकडे तेलुगूत ‘गोंगळी पुरुगू’ म्हणतात. कन्नडची कंबळी, तेलुगूची गोंगळी आणि आपली घोंगडी. नावं ठेवणाऱ्यांची नजर मात्र एकच!

या अळ्यांत शेतकऱ्याला रडवणारी म्हणजे तांबडी केसाळ अळी. तिचा पतंग ‘टायगर मॉथ’ कुळातला, पांढुरक्या पंखांचा. वर्षातले जवळपास दहा महिने तिचा कोष जमिनीत, बांधाकडेला आणि झाडाखाली निजून असतो. पहिला दमदार पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत पतंग एकदमच बाहेर पडतात. एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते. मग अळ्यांच्या झुंडी एका रानातून दुसऱ्या रानात चालत जातात आणि एरंडी, भुईमुगाची कोवळी रोपं फस्त करतात. दुबार-तिबार पेरणी करायची, तर गरिबाने बी आणायचं कुठून?

औषध मारावं, तर मोठ्या अळीच्या दाट केसांमुळे ते अंगापर्यंत पोचतच नाही. पावसात घोंगडी घेतलेल्या धनगरासारखी ती कोरडीच राहते!

तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, तेलंगणातल्या कोरडवाहू भागात १९८९ ते १९९३ या काळात स्वयंसेवी संस्था आणि शास्त्रज्ञांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन यावर साधा मार्ग काढला. पतंग उजेडाकडे झेपावतो, म्हणून पहिल्या पावसानंतर संध्याकाळी गावभर शेकोट्या पेटवायच्या. उन्हाळ्यात खोल नांगरट करून कोष उघडे पाडायचे. अळ्यांना आवडणाऱ्या रुईच्या फांद्या रानात टाकायच्या आणि त्यावर जमलेल्या अळ्या वेचायच्या. एम. ए. कय्यूम आणि एन. के. संघी यांनी १९९३ मध्ये हा अनुभव लिहून ठेवला.

यात खर्च थोडा, पण अट मोठी. शेकोटी एकट्याने पेटवून भागत नाही. शेजारच्या रानातला पतंग आपल्या रानात अंडी घालतो, तो बांध विचारत नाही आणि भाषाही विचारत नाही. म्हणून मृगाआधी शेजाऱ्याशी एकदा बोलून घ्या. मराठीत बोला की कन्नडात, शेकोटी मात्र एकाच संध्याकाळी पेटू द्या.