तुमचा फोन लागला नाही, तर आईनं कुणाला लावायचा?

परदेशी शिकायला निघताना भाजणीपासून थर्मलपर्यंत सगळं बॅगेत जातं. एक कागद तेवढा राहतो. तो घरात कुणी मागत नाही आणि आपणही लिहीत नाही.

परदेशात शिकायला निघालेल्या कुणाच्याही घरी जा, एक यादी हातोहात फिरत असते. कुकर, त्याच्या दोन जादा रिंगा, गोडा मसाला, थालीपीठाची भाजणी, चष्म्याचा दुसरा जोड, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट औषधं, ऑफर लेटरची प्रिंट, तिची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सचीही झेरॉक्स. बॅगा चार-चारदा वजनकाट्यावर चढतात. मावशी ऐनवेळी लाडवांचा डबा घेऊन येते आणि तो कुठं बसवायचा यावरून वाद होतो.

या यादीत एक गोष्ट मात्र कधीच नसते. तिकडं आपलं काही बरंवाईट झालं, अगदी आपण मेलोच, तर पुढं कुणी काय करायचं हे लिहिलेला कागद.

वाचूनच नकोसं वाटलं ना? घरात हे वाक्य म्हणून बघा. आई म्हणेल, 'शुभ बोल जरा.' आजी म्हणेल, 'वास्तू तथास्तु म्हणत असते, असलं अभद्र बोलू नये.' बाबा काहीच बोलणार नाहीत, टीव्हीचा आवाज वाढवतील. विषय तिथंच संपेल आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही सुटल्यासारखं वाटेल. वय वर्षं बावीस, मरणाचं प्लॅनिंग कसलं करताय?

माझं म्हणणं असं आहे, की एकट्यानं परदेशी राहायला जाणाऱ्या प्रत्येकानं हा कागद निघण्याआधी लिहावाच. व्हिसा आला की पहिलं काम हे.

आधी भीती बाजूला ठेवू. जुलै २०२४मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं लोकसभेत सांगितलं, की आधीच्या पाच वर्षांत ४१ देशांमध्ये ६३३ भारतीय विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्यात कॅनडातले १७२ आणि अमेरिकेतले १०८. हल्ल्यांत गेलेले १९. बातम्या या एकोणीसजणांच्या होतात. बाकीचे आजारानं, अपघातानं आणि इतर कारणांनी गेले. परदेशात शिकणाऱ्या भारतीयांचा आकडा १३ लाखांच्या पुढे आहे, हेही लक्षात घ्या. म्हणजे तुमच्यावर ही वेळ येण्याची शक्यता अगदी कमी. पण आज अपघात होणारच आहे म्हणून कुणी हेल्मेट घालत नाही. झाला तर डोकं वाचावं, म्हणून घालतो.

फरक असा, की हे हेल्मेट तुमच्या डोक्यासाठी नाही. ते आईबाबांसाठी आहे.

आपल्याकडं माणूस गेला की काय होतं ते आठवा. अर्ध्या तासात गल्ली गोळा होते. तिरडीचं सामान कुठं मिळतं हे कुणाला तरी माहीत असतं, स्मशानात कुणाला सांगायचं हे दुसऱ्या कुणाला. दाखल्यासाठी पालिकेत कोण जाणार ते तिसराच ठरवतो. घरच्यांना कुणी काही विचारत नाही, त्यांना फक्त रडू देतात. किती मोठी सोय आहे ही, ते आपल्याला जाणवतही नाही.

परदेशात नेमकं उलटं होतं. तिथं प्रत्येक पाऊल जवळच्या नातलगाच्या होकारासाठी अडतं. तुम्ही अविवाहित, म्हणजे जवळचे नातलग कोण? आईबाबा. रात्री तीन वाजता आलेल्या फोननं उठलेल्या त्या दोघांना अनोळखी उच्चारांच्या इंग्रजीत विचारलं जातं, पार्थिव भारतात पाठवायचं की इथंच अंत्यसंस्कार करून अस्थी पाठवायच्या? कुठल्या फ्युनरल होमकडं सोपवायचं? खर्च कोण देणार? खोलीतल्या सामानाचं काय करायचं?

मग कागदपत्रं. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा दाखला, रद्द केलेला पासपोर्ट, भारतीय दूतावासाचं ना-हरकत पत्र. इंग्लंडमधून पार्थिव देशाबाहेर न्यायचं तर कॉरोनरला, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याला, आधी कळवावं लागतं. भारतात उतरवायला विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२३पासून त्यासाठी 'ई-केअर' नावाचं सरकारी पोर्टल आहे. गरजू कुटुंबांना मदत करायला आपल्या दूतावासांकडं 'इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड' आहे, तोही २००९पासून. सोयी आहेत. पण त्या आहेत हे कुणाला माहीत? लातूर-नांदेडकडच्या एखाद्या गावात राहणाऱ्या, स्वतःचा पासपोर्टही नसलेल्या आईबाबांनी त्या धक्क्यात हे सगळं शोधून काढायचं?

मग व्हायचं तेच होतं. तिथले मित्र ऑनलाइन निधी गोळा करायला लागतात. मुलं मनापासून धावतात, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. पण त्यासाठी गेलेल्या मुलाचा फोटो, घरावरच्या कर्जाचा आकडा आणि आईबाबांची परिस्थिती जगापुढं मांडावी लागते. ज्या बापानं आयुष्यभर कुणापुढं हात पसरला नाही, त्याच्या नावानं हे होतं. आपण तासभर खर्च करून त्यातलं बरंचसं टाळू शकतो. मग का टाळू नये?

तर त्या कागदावर लिहायचं काय?

पहिलं, माणसं. तुमच्या आईकडं तुमचा नंबर आहे. तुमचा फोन दोन दिवस लागला नाही, तर तिनं दुसरा कुठला नंबर लावायचा? बहुतेक घरांत या प्रश्नाला उत्तर नसतं. तिकडची दोन माणसं लिहा: रूममेट, वर्गमित्र, घरमालक, कुणीही. नाव, नंबर, पत्ता. तुमचा स्वतःचा पूर्ण पत्ताही लिहा, कारण 'तो टोरांटोत असतो' हा पत्ता नव्हे. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसचा आणि जवळच्या भारतीय वकिलातीचा नंबर लिहा. आणि इकडचं एक माणूस ठरवा, ज्याला इंग्रजी फोनवर बोलता येतं आणि कागदपत्रांचा कंटाळा नाही. मामा, चुलत बहीण, शाळेतला जिगरी दोस्त, कुणीही चालेल. इकडच्या माणसाची आणि तिकडच्या माणसांची आत्ताच ओळख करून द्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर परदेशातल्या विद्यार्थ्यांना नोंदणी करता येते, तीही करून टाका.

याचा उपयोग फक्त मेल्यावरच होतो असं नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याची माहिती आईबाप झाले म्हणून सहज मिळत नाही, ना हॉस्पिटलात, ना कॉलेजात. तुम्ही नुसते बेशुद्ध असलात तरी विद्यापीठाच्या फॉर्मवर 'इमर्जन्सी कॉन्टॅक्ट' म्हणून लिहिलेलं नाव कामाला येतं. तो रकाना घाईघाईत भरू नका. फोनमध्येही रक्तगट आणि दोन नंबर असे भरून ठेवा, की लॉक न उघडता दिसतील.

दुसरं, पैसा. तुमच्या आरोग्यविम्याच्या पॉलिसीत 'रिपॅट्रिएशन ऑफ रिमेन्स' हे शब्द शोधा. पार्थिव मायदेशी पाठवायचा खर्च विमा कंपनी देणार का, ते तिथं कळतं. अमेरिकेत जे-१ व्हिसावर जाणाऱ्यांना यासाठी किमान २५ हजार डॉलरचं संरक्षण सक्तीचं आहे. आपली बहुतेक मुलं जातात त्या एफ-१ व्हिसाला सरकारची अशी सक्ती नाही, तिथं विद्यापीठ म्हणेल तो नियम. ब्रिटनच्या व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरला की एनएचएसचे उपचार मिळतात, पण पार्थिव घरी पाठवणं त्यात येत नाही. म्हणजे सगळ्यात स्वस्त पॉलिसी निवडताना आपण नेमकं काय सोडतोय ते बघा.

आणि कर्ज. शैक्षणिक कर्जाला आईबाबा सहकर्जदार असतात. विद्यार्थी गेला म्हणून कर्ज जात नाही, ते त्यांच्याकडं वळतं. घर किंवा शेत तारण असेल तर त्यावर येतं. म्हणून कर्जाला जोडलेला जीवनविमा आहे का, किती रकमेचा आणि कागद कुणाकडं, हे बँकेत जाऊन विचारा. हप्त्यात थोडी भर पडेल, पडू दे. या यादीतली एकच गोष्ट करायची ठरवलीत, तर ही करा.

इथल्या बँक खात्याला नॉमिनी लावा. अमेरिकेत बऱ्याच बँका तुमच्यानंतर पैसे कुणाला द्यायचे ते नाव फुकट नोंदवून घेतात. ब्रिटनमध्ये सहसा तशी सोय नसते. मृत्युपत्र करायचं असेल तर आपल्याकडं अठरा वर्षं पूर्ण हवीत आणि दोन साक्षीदार हवेत. स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. पण विद्यार्थ्याकडं असतं काय? एक लॅपटॉप आणि भाड्याचं डिपॉझिट. त्यामुळं इथं फार अडकू नका.

तिसरं, आपलं शरीर. दहन कुठं व्हावं? पार्थिव घरी यावं, की अस्थी आल्या तरी चालेल? दहावा-तेरावा हवा, की काहीच नको? अवयवदानाला तुमची हरकत आहे का? अमेरिकेत ड्रायव्हिंग लायसन्स काढतानाच हे विचारतात. इंग्लंडमध्ये २०२०पासून प्रौढ व्यक्तीनं नकार नोंदवला नसेल तर संमती गृहीत धरतात (तिथं वर्षही न झालेल्यांना हे लागू नाही), तरीसुद्धा घरच्यांशी बोलतातच. 'त्याची इच्छा काय होती?' या प्रश्नावर आईबाबांना नुसतं एकमेकांकडं बघायला लागू नये. तुम्ही लिहिलेली एक ओळ त्यांच्यावरचं केवढं ओझं उतरवेल! 'आपण बरोबर केलं का?' हा प्रश्न माणसं वीस-वीस वर्षं उराशी धरून बसतात.

चौथं, फोन आणि फोटो. गुगलच्या सेटिंगमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. तुम्ही ठरवाल तितके महिने, म्हणजे तीन ते अठरा, खातं वापरलं गेलं नाही, तर तुम्ही नेमलेल्या माणसाला ते कळवतं आणि तुम्ही सांगितलं असेल तेवढं त्याला बघू देतं. आयफोनमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो. दोन्ही मिळून पंधरा मिनिटांचं काम. काय दाखवायचं आणि काय कायमचं पुसायचं, हेही तुमच्याच हातात राहतं. पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहीत बसू नका.

हे एवढं सगळं मिळून दोन पानं होतात. जपानमध्ये 'एंडिंग नोट' नावाच्या तयार वह्याच दुकानात मिळतात, लोक त्या शांतपणे भरतात. त्या वहीला कायद्याचं बळ नसतं. आपल्या कागदालाही नसेल. पण गोंधळलेल्या घराला कायद्याच्या आधी दिशा लागते.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मरणाची तयारी वेगळी आणि मरावंसं वाटणं वेगळं. पहिली माणूस स्वस्थ चित्तानं करतो. हा कागद लिहिताना आत दुसरंच काही हलत असेल, एकटेपणा, परीक्षा, नोकरी, कर्ज यांनी जीव नकोसा झाला असेल, तर कागद बाजूला ठेवा आणि आजच कुणाशी तरी बोला. भारतात १४४१६ या 'टेली-मानस'च्या नंबरवर मराठीतही बोलता येतं; अमेरिकेत आणि कॅनडात ९८८ आहे. विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र तर हाकेच्या अंतरावर असतं.

'पण आई रडेल त्याचं काय?' रडेल. म्हणून तिला बसवून सगळं वाचून दाखवायलाच हवं असं नाही. भावाला किंवा बहिणीला दाखवा, इकडच्या त्या ठरलेल्या माणसाला एक प्रत द्या. कपाटात जिथं घराचे कागद आणि विम्याच्या पॉलिस्या असतात, त्याच फायलीत एक पाकीट ठेवा. आईला एवढंच सांगा, 'माझा फोन लागला नाही तर घाबरू नको, यातल्या पहिल्या नंबरवर फोन कर.' हे ती ऐकेल. तिच्या मनात तो प्रश्न तुमचं ॲडमिशन झालं त्या दिवसापासून आहे, तिनं तुम्हाला विचारला नाही इतकंच.

आणि वर्षातून एकदा, घर बदललं, रूममेट बदलला की तो कागदही बदला. जुना नंबर लिहिलेला कागद असून नसल्यासारखाच.

वास्तू तथास्तु म्हणत असेलही. पण ती आपलं सगळंच ऐकत असेल, तर 'सुखरूप परत येईन' हेही ऐकेलच की. ते मनापासून म्हणा, आणि या रविवारी दोन पानं घेऊन बसा.