उन्हाळी सत्र आधी ठरवा, दर शनिवारी कळवा: माध्यमिक शाळांच्या पालक-शिक्षक संघांचे मागणीपत्र

प्रति,
१. मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद
२. मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती
३. मा. आगार व्यवस्थापक, एसटी आगार
४. तालुक्यातील सर्व माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक व संस्थाचालक

विषय: मार्च ते जून या काळातील शाळेच्या वेळा, प्रवास, पाणी, आहार, परीक्षा व साप्ताहिक सूचना यांबाबत.

महोदय / महोदया,

होळी झाली की आमच्या झाडीपट्टीत शाळा सकाळची होते. २०२५ मध्ये शिक्षण विभागाने राज्यभरासाठी एकच वेळ ठरवून दिली. प्राथमिक शाळा सकाळी ७ ते ११.१५ आणि माध्यमिक शाळा ७ ते ११.४५. मुलांना दुपारच्या उन्हातून सोडवणारा हा निर्णय योग्यच होता. अडचण त्यापुढची आहे. शाळेची घंटा साडेतीन तास अलीकडे येते. एसटीची फेरी, पोषण आहाराची चूल, नळाला पाणी येण्याची वेळ आणि पालकांच्या कामाचे तास मात्र हिवाळ्यात होते तिथेच राहतात. या सगळ्यांचा मेळ घालण्याचे काम शेवटी अकरा-बारा वर्षांच्या मुलावर येऊन पडते.

सुट्टी वाढवा, अशी आमची मागणी नाही. माध्यमिक शाळा संहितेनुसार वर्षात किमान २३० दिवस शाळा भरली पाहिजे आणि सुट्ट्या ७६ दिवसांच्या वर जाता कामा नयेत. ही मर्यादा आम्हाला मान्य आहे. कामाचे तास आहेत तेवढेच राहोत. ते उन्हाळ्यात कसे बसवायचे हे फेब्रुवारीतच ठरावे आणि ठरलेले दर आठवड्याला घरोघर पोहोचावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

सध्याचा आठवडा कसा जातो

मार्च-एप्रिल हा मोहफुलांचा हंगाम. फुले पहाटे गळतात आणि ऊन चढण्याआधी वेचावी लागतात. घरातील सगळी माणसे त्या वेळी जंगलात असतात. मुले एकतर त्यांच्याबरोबर जातात, नाहीतर कोणी न उठवल्यामुळे घरी राहतात. त्यामुळे सोमवारी परिपाठाला मागचे बाक रिकामे दिसतात. जी मुले येतात, त्यांतली दूरच्या गावची उपाशी आलेली असतात. मंगळवार-बुधवारपर्यंत चाचणीची तारीख बदलल्याची कुणकुण लागते. वर्गात सूचनावही फिरते, पण त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलापर्यंत ती जात नाही. गुरुवारी दहावीच्या उत्तरपत्रिका तपासण्यासाठी शिक्षक गुंतलेले असतात आणि दोन वर्ग एका खोलीत बसतात. शुक्रवारी रात्री मोबाईलवर सूचना येते की उद्या शाळा लवकर सुटेल. ज्या घरातला एकमेव फोन बाहेरगावी कामाला गेलेल्या वडिलांकडे आहे, त्या घराला ती कळतच नाही. शनिवारी ते मूल सुटलेल्या शाळेबाहेर झाडाखाली दुपारच्या गाडीची वाट पाहत बसते.

यात एकट्या शाळेचा दोष नाही. वरून आदेशच उशिरा येतात. २०२३ मध्ये २० एप्रिलला जाहीर झाले आणि २१ एप्रिलपासून शाळांना सुट्टी लागली. त्या वर्षीची उष्णता पाहता तो निर्णय आवश्यक होता, पण विदर्भातला उन्हाळा कोणालाच अनपेक्षित नसतो. जूनमध्ये विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. २०२५ मध्ये राज्यात १६ जूनला तर विदर्भात २३ जूनला शाळा भरल्या. म्हणजे आमचा उन्हाळा वेगळा आहे हे शासनाने जूनपुरते मान्य केलेलेच आहे. तेच मार्च-एप्रिललाही लागू व्हावे.

मागणी १: सत्राचे वेळापत्रक १५ फेब्रुवारीपूर्वी

सकाळची शाळा कोणत्या तारखेपासून, तासिका किती, मधली सुट्टी केव्हा, परीक्षा कोणत्या आठवड्यात, निकाल आणि सुट्टी केव्हा, हे सर्व एका पत्रकात १५ फेब्रुवारीपूर्वी जाहीर करावे. त्याआधी मुख्याध्यापक, पालक प्रतिनिधी, एसटी आगार आणि ग्रामपंचायती यांची एक संयुक्त बैठक गटशिक्षणाधिकाऱ्यांनी बोलवावी. वर्षभरात एवढी एक बैठक झाली, तरी पुढच्या निम्म्या तक्रारी उद्भवणार नाहीत.

मागणी २: जंगलरस्त्याच्या शाळांना सव्वासातची घंटा

आमच्याकडे एप्रिलच्या मध्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. सातच्या घंटेला पोहोचण्यासाठी चार-पाच किलोमीटरवरच्या मुलांना अंधारातच निघावे लागते. मोहाच्या दिवसांत त्या रस्त्यांवर अस्वलांचा वावर असतो आणि वाघाची भीती तर बारमाही आहे. म्हणून ज्या शाळांची मुले जंगलरस्त्याने येतात, तिथे शाळेची वेळ ७.१५ ते ११.३० करावी.

याचा हिशेबही आम्ही मांडतो. सध्याच्या पावणेपाच तासांत १५ मिनिटांचा परिपाठ, २५ मिनिटांची सुट्टी आणि ३५ मिनिटांच्या सात तासिका बसतात. सव्वाचार तासांत परिपाठ तेवढाच, सुट्टी ३० मिनिटांची आणि सहा तासिका बसतील. रोज एक तासिका कमी झाली, तर सहा दिवसांच्या चार आठवड्यांत जास्तीत जास्त २४ तासिका बुडतील. जुलै ते फेब्रुवारीदरम्यान आठ शनिवारी अर्ध्याऐवजी पूर्ण शाळा भरवून प्रत्येक शनिवारी तीन तासिका जास्त घेतल्या, तर त्या सगळ्या भरून निघतात. पालक म्हणून या आठ शनिवारांना आमची आताच संमती आहे.

मागणी ३: गाडी शाळेच्या वेळेला

मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमाच्या बसगाड्याही मुलींच्या शिक्षणासाठीच आहेत. पण पास हातात असून गाडी वेळेवर नसेल, तर तो पास त्या मुलीच्या उपयोगाचा नाही. गाड्यांच्या फेऱ्या साडेदहा-अकराच्या शाळेला धरून आखलेल्या असतात. शाळेची वेळ बदलल्याचे आगाराला वेळेत लेखी कळवले जात नाही, तोवर आगाराला बोल लावण्यात अर्थ नाही.

म्हणून शाळांनी मार्ग, थांबे आणि विद्यार्थिसंख्या यांची यादी फेब्रुवारीअखेर आगाराला द्यावी आणि आगाराने सकाळच्या सत्रापुरती पहिली फेरी घंटेपूर्वी व परतीची फेरी शाळा सुटल्यापासून अर्ध्या तासात ठेवावी. एखाद्या मार्गावर हे शक्य नसेल, तर तसे लेखी कळवावे, म्हणजे त्या गावांना पर्यायी व्यवस्था शोधता येईल.

मागणी ४: उष्णतेच्या लाटेची वाट पाहू नका

मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर जाऊन ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असेल, किंवा थेट ४५ अंशांवर पोहोचेल, तेव्हा भारतीय हवामान विभाग उष्णतेची लाट धरतो. ही व्याख्या देशासाठी ठीक आहे, पण आमच्या मुलांना ती उशिरा वाचवते. इथे एप्रिलच्या उत्तरार्धात सरासरी कमाल तापमानच चाळिशीच्या पुढे असते. त्यामुळे ४४ अंशांचा दिवस कागदावर ‘लाट’ ठरत नाही, आणि टिनाच्या छताखालच्या वर्गात मात्र दहानंतर बसवत नाही.

म्हणून शाळांसाठी वेगळा निकष ठरवावा. आदल्या दिवशीच्या अंदाजात कमाल तापमान ४२ अंशांच्या वर असेल, तर मैदानावरचा तास रद्द व्हावा आणि शाळा साडेदहाला सुटावी. ४४ च्या वर असेल किंवा नारिंगी इशारा असेल, तर त्या दिवसाची सुट्टी देऊन तो दिवस नंतर भरून काढण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना असावा. प्रत्येक शाळेत सर्वांत तापणाऱ्या वर्गखोलीत साधा तापमापक लावून रोज आठ, दहा आणि साडेअकराची नोंद ठेवावी. पुढच्या वर्षी चर्चेला बसताना अंदाजाऐवजी ही वही समोर असेल. टिनाच्या छतावर चुन्याचा पांढरा थर देणे आणि आतून तट्ट्याचे आच्छादन लावणे ही कामे मार्चपूर्वी शाळा अनुदानातून वा लोकवर्गणीतून व्हावीत.

मागणी ५: पाणी आणि आहार

केरळमधील शाळांत २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी स्वतंत्र घंटा सुरू झाली आणि तिचे अनुकरण इतर राज्यांतही झाले. आमच्या शाळांत सकाळच्या सत्रात अशा दोन घंटा व्हाव्यात. पण घंटा वाजवून भागत नाही. स्वच्छतागृहात पाणी नसेल, तर मुली तहान मारून बसतात, हे प्रत्येक शिक्षिकेला ठाऊक आहे. म्हणून पिण्याच्या पाण्याचे रांजण आणि स्वच्छतागृहाची टाकी ही एकच मागणी समजावी. विहीर किंवा हातपंप आटल्यास ग्रामपंचायतीने शाळेला टँकरच्या यादीत पहिल्या क्रमांकावर धरावे. प्रत्येक शाळेत ओआरएसची पाकिटे असावीत आणि ऊन लागलेल्या मुलाला प्रथम काय करायचे, याचा तक्ता कार्यालयाबाहेर लावावा.

पोषण आहार शाळा सुटताना न देता मधल्या सुट्टीत, नऊच्या सुमारास द्यावा. उपाशी आलेल्या मुलाला त्याची गरज तेव्हा असते. यासाठी स्वयंपाकी ताईंना पहाटे यावे लागेल. त्यांच्या वेळेचा विचार त्यांच्याशी बोलूनच व्हावा. आहार योजना आठवीपर्यंतच आहे, पण नववी-दहावीची मुलेही त्याच गाडीने उपाशी येतात. त्यांच्यासाठी गूळ-शेंगदाणे किंवा फुटाण्यांची सोय पालक संघ लोकवर्गणीतून करतील. शाळांनी परवानगी द्यावी. दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २० एप्रिल २००४ चा आदेश आहे. तालुका दुष्काळग्रस्त जाहीर झाल्यास त्याची अंमलबजावणी आमच्या स्मरणपत्राविना व्हावी.

मागणी ६: परीक्षा आणि निकाल

२०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने २५ एप्रिलपर्यंत चालल्या आणि १ मे रोजी निकाल द्यायचा होता. परीक्षा लवकर संपल्या की मुले येत नाहीत आणि शिकवण्याचे दिवस वाया जातात, हे शासनाचे कारण खरे आहे. पण उरलेल्या पाच दिवसांत पेपर तपासणे, प्रगतिपत्रके भरणे आणि ऑनलाइन नोंदी करणे यांतून निकालाचा दर्जा काय राहतो, हेही पाहायला हवे. विदर्भासाठी लेखी परीक्षा १७ एप्रिलपूर्वी संपवून उरलेले दिवस तोंडी व प्रात्यक्षिक मूल्यमापन, वाचनालय आणि पुढील इयत्तेची तोंडओळख यांना द्यावेत, ही शिफारस शिक्षणाधिकाऱ्यांनी आपल्या अभिप्रायासह संचालनालयाकडे पाठवावी. तोवर निदान एवढे व्हावे की एकही पेपर साडेनऊनंतर सुरू होऊ नये.

पाचवी आणि आठवीत आता वार्षिक परीक्षा आहे आणि अनुत्तीर्ण मुलांची पुनर्परीक्षा होते. अशा मुलाच्या पालकांना निकालाच्याच दिवशी बसवून कोणत्या विषयात काय कमी पडले हे सांगावे आणि सुट्टीत करायचा अभ्यास लेखी द्यावा. मे महिन्यात तेंदूपत्त्याला गेलेले कुटुंब जूनमध्ये परतते, तेव्हा पुनर्परीक्षेची तारीख त्याला पहिल्यांदा कळता कामा नये. दहावीचे जादा तास मेमध्ये घ्यायचे असल्यास ते साडेनऊपूर्वी संपावेत.

मागणी ७: दर शनिवारी एक पत्रक

वरच्या सहा मागण्या या सातवीवर उभ्या आहेत. प्रत्येक शाळेने उन्हाळी सत्रात दर शनिवारी पुढच्या आठवड्याचे एकपानी सूचनापत्रक काढावे. त्यात शाळेच्या वेळा, चाचण्या व विषय, गाडीतील बदल, आहाराची वेळ, कोणते शिक्षक बाहेर कामावर आहेत व त्यांचा तास कोण घेणार, आणायची कागदपत्रे आणि तापमानाचा अंदाज एवढ्याच गोष्टी असाव्यात. हे पत्रक परिपाठात वाचून दाखवावे, शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे आणि मोबाईलवर लेखी तसेच आवाजी पाठवावे. जिथे घरची बोली गोंडी आहे, तिथे आवाजी सूचना गोंडीतही द्यावी. आठवड्याच्या मध्ये काही बदलले, तर किमान एक दिवस आधी, सायंकाळी सहाच्या आत कळवावे. रात्री उशिरा मोबाईलवर टाकलेली सूचना ‘दिली’ असे धरू नये आणि तिच्यामुळे हुकलेली चाचणी मुलाला पुन्हा द्यावी.

आमची जबाबदारी

प्रत्येक गावातून दोन पालक आळीपाळीने मुलांच्या गटाबरोबर जंगलरस्ता संपेपर्यंत चालतील. रांजण भरण्याची आणि फलकावर पत्रक लावण्याची जबाबदारी संघ घेतील. परीक्षेच्या दिवशी कोणतेही मूल मोह वेचायला नेणार नाही, यासाठी ग्रामसभेत ठराव घेऊ. तापमानाच्या नोंदवहीची प्रत दर महिन्याला आपल्या कार्यालयात आम्हीच आणून देऊ.

या मागण्यांपैकी बहुतेकांना नवा निधी किंवा नवा कायदा लागत नाही. चार कार्यालयांनी एकमेकांना वेळेत पत्र लिहावे, एवढेच लागते. मागणीपत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत संयुक्त बैठकीची तारीख कळवावी आणि प्रत्येक मागणीवर ‘मान्य’, ‘अंशतः मान्य’ किंवा ‘अमान्य, कारणासह’ असे लेखी उत्तर द्यावे, ही नम्र विनंती. अमान्य केलेल्या मागणीचे कारण पटले, तर ती मागणी आम्ही मागे घेऊ. उत्तरच आले नाही, तर हेच पत्र ग्रामसभांच्या ठरावांसह पुन्हा सादर करू.

कळावे,

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सचिव,
तालुक्यातील माध्यमिक शाळांचे पालक-शिक्षक संघ