सोलापूरचा लांडगा किती लांडगा?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यांच्या फाटकांवर, चहाच्या टपऱ्यांपाशी, उकिरड्यांवर भटकी कुत्री दिसतात. त्यात नवल काही नाही. पण शेवटची शेड संपली म्हणून कुत्र्यांचा वावर संपत नाही. पुढे शेते, पडीक जमिनी आणि माळ लागतो, आणि सोलापूर जिल्ह्यातला माळ हा लांडग्याचा मुलूख आहे. शहराच्या दुसऱ्या अंगाला, बार्शी रस्त्यावर, माळढोकासाठी राखलेल्या नान्नज अभयारण्यात या लांडग्यांचा अनेक वर्षे अभ्यास झाला. भारतीय वन्यजीव संस्थेतील शास्त्रज्ञ बिलाल हबीब यांचे पीएच.डी.चे काम याच लांडग्यांवरचे. एकाच माळावर कुत्रा आणि लांडगा समोरासमोर आले की बहुधा भांडतात. क्वचित त्यांची जोडी जमते. त्यांची पिल्ले खेचरासारखी वांझ नसतात, हा सगळ्या प्रश्नाचा गाभा.

पुणे परिसरात हे सिद्ध झाले आहे. माळावर लांडग्यांवर नजर ठेवणाऱ्या निसर्गप्रेमींना काही प्राण्यांचे रूप खटकले. नेहमीच्या करड्या-तपकिरी रंगाऐवजी ते पिवळसर दिसत होते. पुण्याचा ग्रासलँड्स ट्रस्ट आणि बेंगळुरूच्या एनसीबीएस व अत्री या संस्थांच्या संशोधकांनी त्यांच्या डीएनएचा माग काढला. भारतातील लांडगा-कुत्रा संकराचा पहिला जनुकीय पुरावा म्हणून हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

रंगावरून संशय येतो, खात्री होत नाही. खात्रीसाठी वन्यजीव संशोधनात बरीच वर्षे मायटोकॉन्ड्रियातील डीएनए वापरला गेला. एकेका पेशीत त्याच्या असंख्य प्रती असल्याने तो विष्ठेतूनही मिळतो. भारतीय लांडग्याचा वंश इतर लांडग्यांपासून फार पूर्वी वेगळा झाला, हे २००४ मध्ये याच डीएनएवरून मांडले गेले. पण तो फक्त आईकडून येतो. संकरात बहुतेकदा आई लांडगीण आणि बाप कुत्रा असतो. अशा पिल्लाची ही चाचणी केली तर अहवालात लांडगाच येणार. त्या पिल्लाच्या मुलीचा आणि नातीचाही तसाच. बापाकडचा कुत्रा या चाचणीला दिसतच नाही.

तो दिसतो संपूर्ण जनुकसंच वाचल्यावर. कुत्र्याचा जनुकसंच सुमारे २४० कोटी अक्षरांचा आहे. आजची यंत्रे डीएनएचे बारीक तुकडे करून असे कोट्यवधी तुकडे एकाच वेळी वाचतात. मग संगणक प्रत्येक तुकडा कुत्र्याच्या तयार जनुकसंचात कुठे बसतो ते शोधतो आणि कोणत्या जागी एखादे अक्षर बदललेले आहे, याची यादी काढतो. या एकाक्षरी फरकांना एसएनपी किंवा ‘स्निप’ म्हणतात. अशा लाखो जागांपैकी ज्या जागी लांडग्यात बहुधा एक अक्षर आणि कुत्र्यात बहुधा दुसरे असते, त्या ओळखीच्या खुणा ठरतात.

इतक्या खुणा कशाला, असे वाटेल. संकराच्या पहिल्या पिढीत कुत्र्याचा वाटा निम्मा असतो. तो थोड्याशा खुणांवरही पकडता येतो. ती संतती पुन्हा लांडग्यांत मिसळली की वाटा सरासरी २५ टक्के, मग साडेबारा, मग सव्वासहा. चौथ्या पिढीतला प्राणी दिसायला आणि वागायला लांडगाच असतो. त्याच्यातला सव्वासहा टक्के कुत्रा दहा-वीस खुणांच्या जाळीतून सहज निसटतो, हजारोंच्या जाळीत सापडतो. शिवाय कुत्र्याकडून आलेले डीएनएचे पट्टे दर पिढीत तुटून आखूड होतात. पट्टे लांब असतील तर संकर अलीकडचा, आखूड असतील तर जुना.

अडचण वेगळीच आहे. तुलना कोणाशी करायची? युरोपातील लांडगे आणि तिथली जातिवंत कुत्री यांच्यावरून निवडलेल्या खुणा इथे फसवू शकतात, कारण आपला लांडगा तिथल्या लांडग्याहून आणि आपले गावठी कुत्रे तिथल्या कुत्र्याहून वेगळे. भारतीय लांडग्याचे वेगळेपण संपूर्ण जनुकसंचावरून दाखवणाऱ्या २०२१ च्या अभ्यासातही भारतीय लांडगे मोजकेच होते. म्हणजे सोलापूरच्या माळावरचे लांडगे, एमआयडीसीतली भटकी कुत्री आणि धनगरांच्या वाड्यांवरची राखणीची कुत्री, तिघांचेही नमुने लागतील. आणि ते लवकर लागतील. संकर खोलवर पसरल्यावर ‘मूळ लांडगा’ म्हणून मोजायला नमुनाच उरणार नाही.

सगळ्यांचा पूर्ण जनुकसंच वाचण्याची गरज नाही. थोडे चांगले नमुने सखोल वाचून खुणा निवडायच्या आणि पुढे फक्त तेवढ्याच खुणा विष्ठा किंवा गळलेल्या केसांत तपासायच्या, ही स्वस्त वाट आहे. एनसीबीएसच्या संशोधकांनी वाघांसाठी ती २०१९ मध्ये चोखाळली. विष्ठेत प्राण्याचा स्वतःचा डीएनए थोडा, तोही मोडका; बाकी सारा जिवाणूंचा आणि खाल्लेल्या शेळी-मेंढीचा. त्यामुळे आधी नेमक्या खुणा हाती असणे भाग पडते.

संकर नेहमीच वाईट, असेही म्हणता येत नाही. उत्तर अमेरिकेतील लांडग्यांचा काळा रंग फार पूर्वी कुत्र्यांकडून आला आणि तिथे टिकला. पण भारतात लांडगे ३ हजारांच्या आसपास असल्याचा अंदाज आहे आणि भटकी कुत्री कोटींच्या संख्येत. आययूसीएनने २०२५ मध्ये भारतीय लांडग्याचे प्रथमच स्वतंत्र मूल्यमापन करून त्याला ‘असुरक्षित’ ठरवले. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडगा आहे. संकराची तिथे वेगळी नोंद नाही. पाव हिस्सा कुत्रा असलेला प्राणी जखमी अवस्थेत सापडला तर उपचारानंतर माळावर सोडायचा की पिंजऱ्यात ठेवायचा, हे वनाधिकाऱ्याने कशावरून ठरवायचे?

तोवर करण्यासारखे काम प्रयोगशाळेत नाही, उकिरड्यावर आहे. कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे २०२३ चे नियम कुत्रे पकडून, नसबंदी व लस देऊन त्याच जागी सोडायला सांगतात. हे काम मुख्यतः शहरांच्या वस्तीत चालते. माळाच्या कडेच्या गावांत आणि कारखान्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत मात्र कमी पोहोचते, नेमके जिथे लांडगीण आणि कुत्रा भेटण्याची शक्यता जास्त. लसीचे मोलही तिथेच मोठे, कारण डिस्टेंपर आणि पार्व्हो हे कुत्र्यांचे रोग लांडग्यांत शिरायला जोडी जमावी लागत नाही. एकाच मेलेल्या जनावरावर दोघांनी तोंड टाकले तरी पुरते.