‘काही करत नाही हो तो!’

नातेवाइकांच्या दाराची घंटा वाजवावी, आतून कर्कश भुंकणे ऐकू यावे आणि दार उघडता उघडता यजमानीणबाईंनी हसतमुखाने म्हणावे, ‘या, या, काही करत नाही हो तो!’ शहरातील सदनिकांत हा प्रसंग आता इतका नेहमीचा झाला आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ‘तो’ म्हणजे वीतभर उंचीचा पॉमेरियन असतो, पग असतो, शिह त्झू किंवा डॅशहंड असतो. पाहुणा चपला काढण्यासाठी वाकतो, तोवर त्या वीतभर प्राण्याने पायजम्याची कड दातांत धरलेली असते. मग सगळे हसतात. पाहुणाही हसतो, कारण हसण्यावाचून दुसरे काही करणे शिष्टाचाराला धरून दिसत नाही.

हाच प्रकार अल्सेशियनने केला असता तर कोणी हसले असते का? मोठ्या कुत्र्याच्या घरी फाटकावर पाटी असते, साखळी असते, पाहुणा येण्याआधी त्याला मागच्या अंगणात नेण्याची रीत असते. लहान कुत्र्याला मात्र सोफ्यावर जागा असते आणि त्याच्या चावण्याला ‘लाड’ हे नाव असते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये निरनिराळ्या जातींच्या कुत्र्यांच्या आक्रमकतेची तुलना प्रसिद्ध केली. मालकांनीच दिलेल्या उत्तरांवरून केलेल्या त्या तुलनेत माणसांवर धावून जाण्याच्या बाबतीत डॅशहंड आणि चिवावा या चिमुकल्या जाती वरच्या क्रमांकात निघाल्या. अर्थात लहान जबड्याची जखम लहान असते, हे खरे. परंतु सोफ्यावर बसलेल्या कुत्र्याचे तोंड आणि सोफ्याशेजारी उभ्या असलेल्या तीन वर्षांच्या मुलाचे तोंड एकाच उंचीवर येते. शिवाय रेबीजचा विषाणू लाळेतून येतो. कुत्र्याचे वजन किती, याची तो चौकशी करीत नाही.

तरीही या प्रश्नातील अवघड भाग कुत्रा नव्हे, तर नाते. रस्त्यावरच्या कुत्र्याला टाळता येते, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल सोसायटीकडे तक्रार करता येते. पण कुत्रा थोरल्या नणंदेचा असेल, आणि प्रसंग भाऊबिजेचा असेल, तर? ताट मांडलेले आहे, ओवाळणीची तयारी चालू आहे, आणि भावजयीच्या लक्षात आले आहे की आपल्या मुलाने चेंडू उचलला की तो कुत्रा अंग ताठ करतो व दबक्या आवाजात गुरगुरतो. तिला बोलायचे असते. पण नणंदेच्या घरी, नणंदेच्या लाडक्याबद्दल, सणाच्या दिवशी कसे बोलावे? ती मुलाला हळूच जवळ ओढते आणि गप्प बसते. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आपल्याकडे पैशाच्या व्यवहारात फार आठवते. बँकेच्या वसुली खात्यात काही वर्षे काढलेल्या कोणाही अधिकाऱ्याला विचारावे. जामीनदाराने सही का केली, याचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही म्हणवले नाही’ हेच असते. सही निदान पैशापुरती असते. इथे तारण म्हणून मुलाचा गाल ठेवलेला असतो.

बोलायचे तर ते दारात उभे राहून नव्हे. आदल्या दिवशी, फोनवर. दारात बोलले की यजमानांना पाहुण्यांसमोर खाली पाहावे लागते आणि मग कुत्र्याची बाजू घेणे हा त्यांच्या मानाचा प्रश्न होतो. आदल्या दिवशी तोच विषय व्यवस्थेचा असतो. पुष्कळ जण सोपी पळवाट काढतात. ‘अक्का, आमचा मुलगा जरा कुत्र्याला घाबरतो हो,’ असे सांगून दोष मुलावर घेतात. याचा परिणाम उलटा होण्याचा संभव फार. अक्का प्रेमळ असतात. मुलाची भीती घालवलीच पाहिजे, या सद्हेतूने त्या कुत्र्याला उचलून थेट मुलाच्या मांडीवर आणून ठेवतात. त्यापेक्षा जे घडले ते तसेच सांगावे. ‘अक्का, मागच्या खेपेला तो पिंटूवर दोनदा गुरगुरला. आम्ही आहोत तोवर त्याला आतल्या खोलीत ठेवता का? मग आम्हांलाही निवांत बसता येईल.’ या वाक्यात तक्रार नाही, कुत्र्याच्या स्वभावावर निकाल नाही. एक घटना आहे आणि एक विनंती आहे. मोठ्या माणसांना विनंती नाकारणे अवघड जाते, आरोप मात्र ते सहज झटकून टाकतात.

आणि अक्कांनी ऐकले नाही तर? तर भाऊबीज यंदा भावाच्या घरी करावी, किंवा मुलांना आजीजवळ ठेवून दोघांनीच जाऊन यावे. एवढ्याने नाते तुटत नाही. जे तुटते ते चावा घेतल्यानंतर तुटते.

कुत्र्याची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तो दुष्टपणाने चावत नसतो. लहान कुत्र्याच्या दृष्टीने घरात आलेली प्रत्येक व्यक्ती ही डोंगराएवढी असते. सणाच्या दिवशी दहा अनोळखी माणसे येतात, बाहेर फटाके वाजतात, मुले त्याला कवेत घेऊन दाबतात, शेपटी ओढतात, झोपेतून उठवतात. त्याने तोंड फिरवले, उगाच जांभई दिली, ओठांवरून जीभ फिरवली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरपे पाहिले, तर ते सारे ‘मला सोडा’ या अर्थाचे असते. माणसे ते वाचत नाहीत. मग तो अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. गुरगुरणे ही शेवटची नोटीस. पुष्कळ घरांत नेमके त्याच वेळी त्याच्या तोंडावर चापट मारली जाते. तो दोन-चारदा मार खातो आणि गुरगुरणे सोडून देतो. घरची माणसे समजतात, सुधारला. वास्तविक भीती होती तिथेच असते; फक्त नोटीस पाठवण्याची पद्धत बंद झालेली असते. पुढचा चावा मग ‘अचानक’ येतो.

दुसरे कारण दुखण्याचे. लहान जातींमध्ये दातांचे व हिरड्यांचे आजार फार, गुडघ्याची वाटी सरकण्याची खोडही असते. आजवर गरीब असलेला कुत्रा उचलून घेताच चावू लागला, तर त्याला आधी पशुवैद्याकडे न्यावे, हे मालकाला प्रेमाने सुचवता येते. ‘तुमचा कुत्रा चावरा आहे’ यापेक्षा ‘त्याला कुठे दुखत तर नसेल ना?’ हा प्रश्न घरात सहज शिरतो. आणि अनेकदा तो खराही ठरतो.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध आणि वध ही नावे पहिल्यानेच येतात. बांधून घालणे आणि मारणे. कुत्र्याला काठी दाखवून वठणीवर आणण्याचा सल्ला देणाऱ्या काका-मामांना याची आठवण करून दिली तर ते रागावणार नाहीत. दार बंद करून खोलीत पाणी आणि अंथरूण ठेवणे म्हणजे बंध नव्हे. दहा माणसांच्या गजबजाटातून त्याची ती सुटका असते.

एवढे करूनही चावा घेतलाच, तर पहिली पंधरा मिनिटे महत्त्वाची. जखम साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. या वेळात घरातील वडीलधारी मंडळी हळद, चुना, तिखट, तेल असे काही ना काही घेऊन येतात. त्यांना नम्रपणे थांबवावे. जखम घट्ट बांधू नये आणि डॉक्टरांकडे जावे, त्याच दिवशी. इथेच यजमानांच्या घरातील दुसरे ठरीव वाक्य ऐकू येते. ‘घरचाच आहे हो, सगळी इंजेक्शने दिलेली आहेत.’ दिली असतील. पण कर्ज मंजूर करताना कोणी ‘कागद घरी आहेत’ या शब्दावर भागवत नाही. लस कोणती, कोणत्या तारखेला, पुढची केव्हा, हे कार्डावर लिहिलेले असते. ते कार्ड मागावे आणि डॉक्टरांना दाखवावे. लस घ्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील, अक्का नव्हे.

डॉक्टर जखमेचे वर्ग पाहतात. धड त्वचेला नुसते चाटले तर धोका नाही. दात लागून ओरखडा उठला पण रक्त आले नाही, तर लस लागते. त्वचा फाटून रक्त आले, किंवा आधीच्या जखमेवर लाळ लागली, तर लशीबरोबर जखमेत व तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची जी धास्ती मागच्या पिढीच्या मनात बसली आहे, ती लस आपल्या देशातून २००५ च्या सुमारास हद्दपार झाली. आता लस दंडात देतात. स्नायूत दिल्यास सामान्यतः पहिल्या दिवशी, त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिला दिवस शून्य धरून हे दिवस मोजायचे असतात. सरकारी रुग्णालयांतही ही लस मिळते. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मैस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस दिली आणि तो वाचला. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी लक्षणे दिसू लागल्यावर या रोगाला आजही खात्रीचा उपाय नाही. म्हणून दुसऱ्यांच्या भिडेखातर एक दिवसही घालवू नये.

यापुढचे दहा दिवस नात्याच्या दृष्टीने विलक्षण असतात. चावलेल्या वेळी कुत्र्याच्या लाळेत रेबीज असेल, तर तो कुत्रा दहा दिवसांत आजारी पडतो किंवा मरतो. तो दहा दिवस ठणठणीत राहिला, तर उरलेल्या लशींविषयी डॉक्टरांना निर्णय घेता येतो. (उपचार मात्र पहिल्याच दिवशी सुरू करायचा असतो, दहाव्या दिवसाची वाट पाहून नव्हे.) म्हणजे ज्या घराशी बोलणे बंद करावेसे वाटते, नेमक्या त्याच घरी रोज फोन करून ‘तो जेवला का?’ असे विचारावे लागते. आणि चावलेल्या बाजूने ‘तुम्ही आमच्या मुलाचे वाटोळे केले’ असे एकदा बोलून टाकले, की तो फोन कोणी करत नाही, आणि समोरूनही खरे उत्तर मिळत नाही. राग खुशाल धरावा; दहा दिवसांनंतर धरावा.

व्यापारी घरांत आणखी एक उपाय चटकन सुचतो. कुत्र्याला गोदामावर पाठवून देणे. संध्याकाळी टेम्पोत बसवले, रखवालदाराच्या हवाली केले, प्रश्न मिटला. पण दहा दिवसांचे निरीक्षण मग कोण करणार? रखवालदाराला तो चावतो हे सांगितले होते का, त्याच्या मुलांना लस कोण देणार, याचा विचार कोणी केलेला नसतो. फाटकी नोट घडी घालून पुढच्याच्या हातात सरकवण्यासारखाच हा व्यवहार आहे. सोफ्यावर वाढलेल्या जिवाला आखूड साखळीने दिवसदिवस बांधून ठेवणे, किंवा त्याला रस्त्यावर सोडून देणे, हे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्ह्यांत मोडते. उलट बाजूला भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ही कलमे भावाने बहिणीविरुद्ध वापरावीत, असे कोणी म्हणणार नाही. पण ‘आमचा कुत्रा, आमचे घर’ एवढ्यावर विषय संपत नाही, हे मालकाला कळलेले बरे.

मालकाने करावयाचे काम फारसे खर्चाचेही नाही. पशुवैद्याकडून तपासणी, दरवर्षीची लस आणि तिचे कार्ड, महानगरपालिकेचा परवाना, पाहुणे असताना गळ्यात पट्टा आणि त्याचे दुसरे टोक मालकाच्याच हातात. जाळीचे मुसके घालण्याची सवय खाऊ देत देत आठ-पंधरा दिवसांत लावता येते. ते घालून त्याला तोंड उघडता येते, पाणी पिता येते. आतल्या खोलीच्या चौकटीला कमरेइतक्या उंचीचे जाळीचे अर्धे दार बसवले, तर कुत्र्याला माणसे दिसतात, माणसांना कुत्रा दिसतो, आणि मुले चेंडू खेळू शकतात. असे दार कोणताही सुतार दोन दिवसांत करून देतो. दिवाळीआधी सुतारांकडे कामांची गर्दी होते, तेव्हा ज्यांना ते भाऊबिजेपर्यंत हवे आहे त्यांनी दसऱ्यालाच माप देऊन ठेवावे.