पदके बायकांची, खुर्ची कोणाची?

जुलै २०२१ मध्ये बल्गेरियातल्या वार्ना शहरी युरोपीय बीच हँडबॉल स्पर्धेत नॉर्वेच्या मुली बिकिनीऐवजी शॉर्ट्स घालून खेळल्या. युरोपीय महासंघाने त्यांना १५०० युरो दंड केला. गुन्हा काय, तर 'अयोग्य पोशाख'. बाईच्या बिकिनीची बाजूची पट्टी १० सेंटिमीटरहून रुंद असता कामा नये, असा तेव्हाचा आंतरराष्ट्रीय नियम. पुरुषांना मात्र शॉर्ट्स चालत.

नॉर्वेची राष्ट्रीय हँडबॉल संघटना मुलींच्या पाठीशी उभी राहिली, दंड भरायलाही तयार झाली. हे चांगलेच झाले. पण तेवढ्यावरून तिची आरती ओवाळायला मी तयार नाही.

ही संघटना १९३७ सालची. तिचा जगभर डंका वाजला तो बायकांच्या खेळामुळे. मारित ब्रेइविक या प्रशिक्षिकेच्या हाताखाली त्यांनी १९९९ साली विश्वविजेतेपद आणि २००८ साली ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. पुढे २०१२ आणि २०२४ सालीही ऑलिंपिक सुवर्ण आणले. पुरुषांची मजल विश्वस्पर्धेतल्या दोन रौप्यपदकांपर्यंत. तरीही त्या पहिल्या विश्वविजेतेपदानंतर दोन तपे अध्यक्षाच्या खुर्चीत पुरुषच बसत आले. रांदी गुस्ताद ही माजी राष्ट्रीय खेळाडू अध्यक्ष झाली ती २०२३ साली.

बिकिनीच्या नियमाविरुद्ध आपण २००६ पासून तक्रार करत होतो, असे ही संघटना सांगते. पंधरा वर्षे कोणी ऐकले नाही. आंतरराष्ट्रीय महासंघावर २००० सालापासून हसन मुस्तफा अध्यक्ष. मुलींनीच नियम मोडला, जगभर बोभाटा झाला, तेव्हा कुठे जानेवारी २०२२ पासून शॉर्ट्सना परवानगी मिळाली.

वस्त्यांमध्ये मुलींच्या खेळगटांबरोबर काम करताना मी नेमके उलटे ऐकते: 'पाय झाकून खेळा.' तिथे उघडे टाका, इथे झाका. हुकूम वेगळे, पण मुलींना कोणीच विचारत नाही. म्हणून मला कापडाच्या लांबीवर वाद घालायचा नाही. आमचा दंड कोणी भला माणूस भरेल, यावरही मी समाधान मानणार नाही. नियम लिहिणाऱ्या समितीत खेळणाऱ्या बायका हव्यात, आणि त्याही निम्म्या. शोभेपुरती एक नको.

तुमच्या तालुक्याच्या, जिल्ह्याच्या क्रीडा संघटनेची कार्यकारिणी मागवा. त्यात बायका किती, आणि त्यांतल्या मैदानावर उतरलेल्या किती, ते मोजा. आकडा आम्हाला कळवा, आणि त्या संघटनेच्या पुढच्या सभेत उभे राहून विचारा.